पांढरा राहिलेला पालघर

जिल्ह्यांचा नकाशा आणि जिल्ह्यांच्या आकड्यांचा तक्ता एकमेकांना जोडणे हे किरकोळ काम आहे, हे मत जीआयएस (संगणकावर नकाशे आणि आकडे एकत्र हाताळण्याची प्रणाली) वापरणाऱ्यांत इतके रुळले आहे की ते आता कोणी मांडतही नाही, गृहीतच धरतात. लेयरच्या प्रॉपर्टीज उघडा, जॉइन्समध्ये जा, दोन्हीकडचा समान कॉलम निवडा, ओके दाबा, झाले. प्रशिक्षणवर्गात या भागाला उरलासुरला वेळ मिळतो. अहवालांत सीमा कुठून घेतल्या, वर्गवारी कशी केली, रंग का निवडले, हे सगळे लिहिलेले असते. पण जोडणी कोणत्या कॉलमवर केली, किती ओळी जुळल्या आणि न जुळलेल्यांचे काय केले, याबद्दल एक वाक्य नसते. विचारले तर उत्तर ठरलेले असते: ते सॉफ्टवेअर करते.

सॉफ्टवेअर ते करत नाही. ते दोन रकान्यांतली अक्षरे सारखी आहेत का एवढेच पाहते. तक्त्यातली ही ओळ जमिनीच्या याच तुकड्याची आहे, हे विधान जोडणी करणारा माणूस करतो आणि ते प्रत्येक ओळीमागे एकदा करतो. नकाशावर पुढे जे काही दिसते, म्हणजे गडद-फिकट रंग, ‘मागास’ आणि ‘प्रगत’ पट्टे, निधीसाठी निवडलेले तालुके, ते सगळे या विधानावर उभे असते. म्हणून हे काम कारकुनी आहे, हे म्हणणे मी चुकीचे तर मानतोच, पण सार्वजनिक कामासाठी धोकादायकही मानतो.

ठाण्याचे उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती, क्षेत्रफळ ९,५५८ चौरस किलोमीटर, घनता दर चौरस किलोमीटरला १,१५७. १ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्याचे विभाजन झाले. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा हे आठ तालुके पालघर जिल्ह्यात गेले. आज कोणी महाराष्ट्राचा ताजा लेयर उतरवून घेतला तर त्यात ३६ जिल्हे असतात, आणि २०११ च्या तक्त्यात ३५. आता जिल्ह्याच्या नावावर जोडणी करा. ठाण्याची ओळ ठाण्याशी जुळते. कुठेही लाल खूण उमटत नाही. पण लेयरमधले ठाणे आता ४,२१४ चौरस किलोमीटरचे आहे. लोकसंख्येला लेयरच्या क्षेत्रफळाने भागले की घनता २,६२५ निघते. नव्या हद्दीतल्या ठाण्यात २०११ साली प्रत्यक्षात ८०,७०,०३२ माणसे होती, म्हणजे घनता १,९१५. नकाशावरचे ठाणे दर चौरस किलोमीटरला सातशे माणसांनी फुगले. आणि पालघर? त्याला तक्त्यात ओळच नाही, म्हणून तो पांढरा राहिला. त्या हद्दीत २९,९०,११६ माणसे राहत होती. वसईच्या चाळींतली आणि मोखाड्याच्या पाड्यांवरची ही माणसे एका चुकीत दोनदा सापडली: ठाण्याच्या खात्यात त्यांची नोंद झाली आणि स्वतःच्या जागी ती उरली नाहीत.

इथे नाव जुळले नाही म्हणून चूक झाली, असे म्हणायची सोय नाही. नाव जुळले, म्हणूनच चूक झाली.

यावर सांगितले जाते की हा अपवाद आहे, हद्दी काही रोज बदलत नाहीत. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी १ जुलै १९९८ ला नंदुरबार आणि वाशीम, १ मे १९९९ ला हिंगोली आणि गोंदिया हे जिल्हे झाले. शेजारच्या तेलंगणात २०१६ मध्ये १० जिल्ह्यांचे ३१ झाले आणि २०१९ पर्यंत ३३. ठाण्याची फाळणी तालुक्यांच्या रेषेवर झाली, म्हणून तालुकानिहाय बेरीज करून जुना आकडा नव्या हद्दीत बसवता येतो. तेलंगणात जिल्ह्यांबरोबर मंडलांचीही, म्हणजे तिथल्या तालुक्यांचीही, फेररचना झाली. तिथे नुसत्या बेरजेने भागत नाही. शिवाय बेरीज करता येते ती माणसांची. साक्षरतेची टक्केवारी किंवा लिंगगुणोत्तर असे तोडता-जोडता येत नाही, त्यासाठी मुळाशी जाऊन अंश आणि छेद दोन्ही आणावे लागतात. हे ज्याला माहीत नाही तो पालघरच्या रिकाम्या जागी ठाण्याची टक्केवारी लिहून मोकळा होतो, आणि ठाणे-डोंबिवलीची साक्षरता जव्हारच्या नावावर चढते.

दुसरा युक्तिवाद जास्त आधुनिक आहे: नावे तंतोतंत जुळली नाहीत तरी हरकत नाही, आता साधर्म्य मोजून जोडणारी साधने आली आहेत. दोन शब्दांत किती अक्षरे बदलावी लागतील ते मोजायचे आणि सर्वांत जवळचे नाव निवडायचे. या पद्धतीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी तीन जोड्या तपासाव्यात. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग बी-आय-डी असे आहे, बाकी बहुतेक ठिकाणी बी-ई-ई-डी. दोहोंत दोन बदलांचे अंतर आहे आणि जागा एक आहे. आता पुण्याजवळची वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही गावे घ्या. इंग्रजी याद्यांत ती बहुधा ‘वडगाव बीके’ आणि ‘वडगाव केएच’ अशी येतात. इथेही अंतर दोनच बदलांचे आहे, पण गावे दोन आहेत. तिसरी जोडी रायगडची. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात आपल्या रायगडचे आणि छत्तीसगडमधल्या रायगढचे स्पेलिंग अगदी एक आहे. अंतर शून्य, आणि दोन जिल्हे दोन राज्यांत. ज्या मापाने हे तिन्ही निकाल येतात त्या मापाचा जागेशी संबंध नाही, हे मान्य करायला आणखी काय हवे?

बुद्रुक-खुर्दचा प्रश्न शहरातल्या लोकांना बारीकसारीक वाटतो. महाराष्ट्रात ४३ हजारांवर गावे आहेत. वडगाव, पिंपळगाव, निमगाव, सावरगाव ही नावे जिल्ह्याजिल्ह्यांत, कधी एकाच तालुक्यात पुन्हापुन्हा येतात. ती वेगळी ओळखू यावीत म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना बुद्रुक, खुर्द, तर्फ अमुक, नाहीतर शेजारच्या ओढ्याचे किंवा देवाचे नाव जोडले. डेटा साफ करणारा माणूस सर्वांत आधी नेमके हेच शेपूट कापतो, कारण त्याने जुळणीचा टक्का वाढतो. टक्का वाढतो आणि खुर्दची विहीर बुद्रुकच्या नावावर लागते.

नामांतराने तर साधर्म्याचा आधारच काढून घेतला आहे. औरंगाबाद जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्हा २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव बदलणे हा शासनाचा अधिकार आहे, त्यावर इथे मला काही म्हणायचे नाही. पण जोडणीत काय होते ते पाहा. २०११ च्या देशव्यापी तक्त्यात औरंगाबाद नावाच्या दोन ओळी आहेत: महाराष्ट्रातली, ३७,०१,२८२ लोकसंख्येची, आणि बिहारमधली, २५,४०,०७३ लोकसंख्येची. ताज्या लेयरमध्ये त्या नावाचा एकच तुकडा उरला आहे आणि तो बिहारमध्ये आहे. नावावर जोडणी केली तर आपले औरंगाबाद बिहारच्या अंगावर चढण्याची वाट मोकळी आहे, आणि छत्रपती संभाजीनगर कोरे राहणार. राज्याचा कॉलमही जुळवला तर निदान पहिली चूक टळते. जनगणनेचा जिल्हा संकेतांक वापरला तर दोन्ही टळतात, कारण ५१५ हा आकडा पाटी बदलल्याने बदलत नाही.

माझा सर्वांत तीव्र आक्षेप मात्र या मंडळींच्या तिसऱ्या म्हणण्यावर आहे. ते म्हणतात, शंभरातल्या पंचाण्णव ओळी जुळल्या की पुरे, पाच इकडेतिकडे झाल्या तरी एकूण चित्र बदलत नाही. त्या पाच ओळी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या असत्या तर हे पटण्यासारखे होते. तशा त्या नसतात. ज्यांची नावे सरकारी कागदावर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरी, ज्यांचे इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक खात्याने आपापल्या कानाने लिहिले, ज्यांच्या हद्दी अलीकडे बदलल्या, ज्यांच्या भाषेतली नावे नोंद करणाऱ्याला उच्चारताही आली नाहीत, अशी गावे आणि तालुके जोडणीतून गळतात. नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका जनगणनेत अक्राणी या नावाने आहे. एखाद्या खात्याच्या तक्त्यात धडगाव असेल आणि लेयरमध्ये अक्राणी, तर कोणतेही साधर्म्य मोजणारे यंत्र त्यांना एकत्र आणू शकत नाही. तळोदा आणि शहादा यांची स्पेलिंगेही जनगणनेच्या तक्त्यात वेगळी आहेत. सातपुड्यातल्या, मेळघाटातल्या, गडचिरोलीतल्या माडिया आणि गोंडी नावांच्या गावांची हीच गत. पुणे कधी गळत नाही. नागपूर कधी गळत नाही. न जुळलेल्या पाच टक्के ओळींची जी यादी असते, ती वाचली की बहुतेक वेळा राज्याच्या सर्वांत दुर्लक्षित भागांची हजेरी वाचल्यासारखे वाटते.

आणि गळलेल्याचे पुढे काय होते? बहुतेक सॉफ्टवेअर न जुळलेल्या तुकड्यात रिकामी किंमत ठेवते. कोणी ती तशीच राहू देतो, तुकडा पांढरा राहतो, आणि वाचक समजतो की तिथे काही नाही. कोणी बेरजा बिघडू नयेत म्हणून तिथे शून्य भरतो. कुपोषणाच्या नकाशावर शून्य म्हणजे सर्वांत निरोगी तालुका. ज्या जव्हार-मोखाड्यात कुपोषणाने गेलेल्या मुलांचा प्रश्न गेली तीन दशके गाजतो आहे, तो भाग अशा एका सोयीस्कर शून्यामुळे फिक्या हिरव्या रंगात दिसू शकतो. ही रंगाची चूक आहे असे मला कोणी सांगू नये.

तक्त्याच्या बाजूनेही गळती असते आणि ती तर दिसतसुद्धा नाही. ज्या ओळीला नकाशात जागा मिळाली नाही ती निमूट नाहीशी होते. उलट, एकाच जिल्ह्याच्या अनेक ओळी असतील तर गोंधळ निराळा. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात प्रत्येक जिल्ह्याला एकूण, ग्रामीण आणि नागरी अशा तीन ओळी असतात आणि संकेतांक तिन्हींना तोच. आधी गाळणी न लावता जोडणी केली तर, साधन आणि सेटिंगप्रमाणे, एका जिल्ह्याचे तीन तुकडे एकमेकांवर बसतात किंवा तिनातली कोणतीतरी एकच ओळ उचलली जाते. ती ग्रामीणची निघाली तर मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या शून्य दिसते. मुंबईची चूक लगेच लक्षात येते. वाशीमची येत नाही, कारण तिथे ग्रामीण आकडा एकूण आकड्याच्या इतका जवळ असतो की नकाशा बरोबरच वाटतो.

आता ज्या आक्षेपाला मी खरोखर वजन देतो त्याकडे येतो. काही जाणती माणसे म्हणतात: जोडणी संकेतांकावरच करा, त्याची प्रणाली आणि हद्दीचे वर्ष सांगा, एवढी कडक अट घातली तर नकाशे फक्त तज्ज्ञच काढतील. जिल्ह्याच्या ठिकाणचा पत्रकार, ग्रामपंचायतीचा सदस्य, पाणी-चळवळीतला कार्यकर्ता, भूगोलाचा विद्यार्थी यांनी फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएसवर नकाशे काढायला नुकती सुरुवात केली आहे, त्यांना घाबरवू नका. ही काळजी खरी आहे. नकाशा ही सरकारची मक्तेदारी राहू नये हे मलाही तितक्याच तळमळीने वाटते.

पण या माणसांना कोण अडवते ते पाहू. त्या कार्यकर्त्याला एखाद्या खात्याच्या संकेतस्थळावर गावनिहाय तक्ता मिळतो. त्यात गावाचे नाव असते, तालुक्याचे नाव असते, संकेतांक नसतो. तो पीडीएफमध्ये असतो, कधी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, जो उतरवला की निरर्थक इंग्रजी अक्षरे होतात. मग तो माणूस रात्री बसून शेकडो गावांची नावे हाताने जुळवतो. त्याचे सगळे बळ इथे खर्ची पडते आणि ज्या प्रश्नासाठी नकाशा काढायचा होता त्याच्यासाठी उरत नाही. त्याच खात्याने सहा अंकांचा गाव-संकेतांक एका जादा कॉलममध्ये दिला असता तर जोडणी त्याला खरोखर पाच मिनिटांत करता आली असती. संकेतांक सामान्य माणसाला तज्ज्ञावर अवलंबून राहण्यापासून सोडवतो. तो न देणे हीच खरी अडवणूक आहे, आणि ‘नावावर जोडून घ्या, चालते’ हा सल्ला त्या अडवणुकीवर पांघरूण घालतो.

संकेतांक म्हणजे सर्व दुखण्यांवर औषध, असे माझे म्हणणे नाही. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यांचे क्रमांक प्रत्येक राज्यात ०१ पासून सुरू होत होते. नंदुरबार महाराष्ट्राचा ०१ होता. २०११ मध्ये ते देशभर सलग झाले, ६४० पर्यंत, आणि नंदुरबार ४९७ झाला. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत जिल्ह्यांना दिलेले क्रमांक तिसरेच आहेत, तेही जास्तीत जास्त तीन अंकी. जनगणनेचे क्रमांक असलेला तक्ता निर्देशिकेचे क्रमांक असलेल्या लेयरला जोडला तर पुष्कळ ओळी जुळतील आणि जुळलेल्यांपैकी बहुतेक चुकीच्या जिल्ह्यावर बसतील. म्हणून क्रमांकासोबत तो कोणत्या प्रणालीचा आणि कोणत्या वर्षाचा, हे लिहिलेच पाहिजे. शिवाय सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून जतन केली की ०१ चे १ होते आणि अग्रभागी शून्य असलेले सगळे संकेतांक निकामी होतात. संकेतांक ही संख्या नसते, तिची बेरीज कोणी करत नाही. तो कॉलम आयात करतानाच मजकूर म्हणून ठरवावा, एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ वाचते.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक सल्ला ऐकावा लागतो: देवनागरी नावांनी जोडणी बिघडते, इंग्रजीतच काम करा. अडचणी खऱ्या आहेत. ‘कऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होतो, ऱ या वेगळ्या अक्षराने किंवा साध्या र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. शेपफाइल या नकाशांच्या जुन्या फाइल-प्रकारात कॉलमच्या नावाला दहा बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका वर्णाला तीन बाइट लागतात, म्हणजे नाव तीन वर्णांतच संपते. पण वर पाहिलेला बी-आय-डी आणि बी-ई-ई-डी चा घोळ इंग्रजीनेच घातला आहे. मराठीत बीड हे बीडच असते. जोडणी संकेतांकावर करा आणि नाव फक्त वाचण्यासाठी ठेवा; मग ते नाव निर्धास्त मराठीत लिहा, गोंडीत लिहा, त्या गावातली माणसे म्हणतात तसे लिहा. जुन्या शेपफाइलऐवजी जिओपॅकेज वापरा, दहा बाइटची अट उरत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे लवकरच आपोआप करील, असेही आता ऐकू येते. तिने संभाव्य जोड्या सुचवाव्यात, माझी ना नाही. धडगाव म्हणजे अक्राणी हे ती कदाचित सांगेलही. पण ठाण्याची ओळ २०१४ आधीच्या ठाण्याची आहे हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नसेल तर तीही ते हमखास ओळखेल याची खात्री कोण देणार? आणि चुकलीच तर पालघरच्या माणसाने जाब कोणाला विचारायचा?

१ मार्च २०२७ हा पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन जाहीर झाला आहे. तिचे आकडे येतील तेव्हा सोळा वर्षांत काय बदलले हे दाखवणारे नकाशे गावोगाव, वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात फिरतील. त्यातला प्रत्येक नकाशा दोन वेगळ्या हद्दींच्या आणि दोन वेगळ्या नावांच्या तक्त्यांची जोडणी असेल. म्हणून मागणी आत्ताच करायला हवी. प्रत्येक शासकीय खात्याने आपल्या प्रत्येक गाव-तालुका-जिल्हानिहाय तक्त्यात संकेतांकाचा कॉलम, त्या संकेतांकाची प्रणाली आणि हद्दीचे वर्ष द्यावे. जमिनीच्या तुकड्याला १४ अंकी ओळख देण्याची योजना राबवणाऱ्या शासनाला हे अवघड नाही. नकाशा छापणाऱ्याने त्याखाली तीन गोष्टी लिहाव्यात: तक्त्यात ओळी किती, त्यांतल्या नकाशात बसल्या किती, आणि न बसलेल्या कोणत्या. ज्या तुकड्याची माहिती नाही तो पांढरा न ठेवता रेघांनी भरावा आणि सूचीत ‘माहिती जुळली नाही’ असे स्पष्ट म्हणावे. जोडणीनंतर बेरीज करून पाहावी: २०११ च्या महाराष्ट्राची बेरीज ११,२३,७४,३३३ आली नाही तर तो नकाशा बाहेर पडू नये.

आणि वाचकहो, आपल्या तालुक्याचा नकाशा कोणी पुढे ठेवला तर रंग पाहण्याआधी विचारा की किती ओळी जुळल्या नाहीत आणि त्या कोणाच्या होत्या. उत्तर मिळाले नाही तर तो नकाशा मान्य करू नका.